फेर धरण्यापुरत्या

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मंगळागौरीचे खेळ, शनिवारी सकाळी, शाळेच्या जिममध्ये’ असं टाकलं की अंगठ्यांचा पाऊस पडतो. त्या अंगठ्यांवर विसंबायचं नसतं, हे कॅनडातल्या मिल्टनमध्ये इतकी वर्षं काढूनही माझ्या डोक्यात शिरलेलं नाही. त्या ऑगस्टमध्ये कुणाच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, कुणाच्या मुलाचं स्विमिंग निघालं, काही जणी आदल्या दिवशीच कॉटेजला पळाल्या.

खेळ मी घेते. म्हणजे फेराबाहेर उभं राहून गाण्याची ओळ मी सांगायची, बाकीच्यांनी ती उचलायची, आणि कधी वळायचं, कधी बसायचं हेही मीच ओरडायचं. हे काम मी कुणाला देत नाही. ते माझ्याइतकं कुणाला येत नाही असं माझं मत आहे आणि ते मी लपवतही नाही.

त्या दिवशी ओरडायचं कुणावर, हा प्रश्न होता. एक माझी मुलगी, जिला मी जबरदस्तीने उठवून आणलं होतं. दुसरी शेजारीण, वसईची ख्रिश्चन, जी फक्त मला गाडीने सोडायला आली होती. आणि तिसरी एक नवी नवरी, हिवाळ्यात नागपूरहून आलेली, नवरा किचनर शहरात सॉफ्टवेअरमध्ये. तिची ही पहिली मंगळागौर. आईने पाठवलेली नऊवारी नेसून, नथ घालून बिचारी दारात उभी होती, आणि आई तिकडे नागपुरात व्हिडिओ कॉलवर बघणार होती.

जिमच्या मधोमध मोठा पडदा सोडलेला. पलीकडे मंडळाचाच बॉलिवूड ग्रुप, गच्च भरलेला, स्पीकर असा की जमीन थरथरत होती. मंडळाचे कल्चरल सेक्रेटरी पडद्याखालून वाकून आले.

“ताई, पब्लिक नाहीये. तुमचं पोस्टपोन करू या. या तिघींना आमच्यात ॲडजस्ट करतो.”

“आई, धिस इज सो ऑकवर्ड,” माझी मुलगी म्हणाली. “कॅन वी जस्ट गो?”

मला संताप आला. मंगळागौर काय गर्दी मोजून करतात? घरात असतील तेवढ्या बायकांनी पदर खोचायचा, हीच तर त्यातली गंमत. स्टेज, माइक आणि एकसारख्या साड्या आपण नंतर आणल्या. “आम्ही खेळणार आहोत,” मी सेक्रेटरींना सांगितलं, “आणि तुमचा स्पीकर जरा कमी करा.” ते गेले. स्पीकर कमी झाला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. नवरीचा चेहरा उतरला. “काकू, आईला फक्त मी दिसेन असा धरा ना,” ती हळूच म्हणाली. “मी तिला सांगितलंय, खूप जणी येणार आहेत.”

मी फोन घेतला आणि गोल फिरवला. रिकाम्या भिंती, बास्केटबॉलचा हूप, रचून ठेवलेल्या खुर्च्या, सगळं दाखवलं. लाज कसली? जी मुलगी आली होती तिने का लाजावं? लाजायचं तर त्या अंगठेवाल्यांनी.

“एवढ्याच आलोय आम्ही,” मी म्हटलं.

मग मलाच वाटलं, जरा जास्तच झालं का. पण तिकडून नवरीच्या आई म्हणाल्या, “चौघी तर आहात. वाट कोणाची पाहून राहिल्या?”

चौघी. त्यांनी मलाही धरलं होतं. आणि खरंच होतं, जोड्या करायच्या तर तिघींत एक उरते. पण मी फुगडीत शिरले तर गाणं कोण सांगणार? गिरक्या घेताना मला धड श्वासही घेता येत नाही.

“मग तुम्ही सांगा गाणं,” मी म्हटलं. असं मी आजवर कुणालाही म्हटलं नव्हतं.

फोन खुर्चीला टेकवून ठेवला. आम्ही चपला-बूट काढले आणि बास्केटबॉल कोर्टाच्या मधल्या गोलात उभ्या राहिलो. शेजारणीने जीन्सवर ओढणी खोचली. “मला यातलं काय येत नाय, पण आमच्या लग्नांत नाचून पाय तुटलेत माझे. चल, सांग कुठला हात धरायचा.”

नागपूरहून ओळ आली, जराशी उशिरा, स्पीकरच्या धडधडाटातून वाट काढत. आम्ही ती उचलली. पहिला फेर चुकला, दुसरा माझ्यामुळे चुकला, आणि मग चौघींची फुगडी अशी काही सुटली की नवरीची नथ निघून कोर्टावर पडली आणि ती उचलायला कुणी थांबलं नाही. माझी मुलगी मोठमोठ्याने हसत होती. फोनमधून बाई ओरडत होत्या, “पाय जुळवा, पाय जुळवा!” अगदी माझ्यासारख्या.

पडद्याखालून सेक्रेटरींचं डोकं पुन्हा आत आलं. “ताई, अजून चालूच आहे?”

मला उत्तर द्यायला दम नव्हता. नवरीनेच दिलं, फिरता फिरता.

“आत्ता कुठे सुरू झालंय.”