सुपर बोलचा रविवार आणि भाऊंचं पंचांग

भाऊ सोमण गेल्याचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. सेक्रेटरीने काचेतून हात केला, मी बाहेर आलो, आणि पलीकडून भाऊंच्या केतकीचा आवाज, "काका, बाबा इज गॉन. सकाळी शूज घालताना..." पुढे ती रडायलाच लागली. ती इथेच, अमेरिकेत जन्मली, वाढली. रडताना मात्र तिने "आई गं" म्हटलं. मी फोन ठेवला, परत आत गेलो आणि दहा मिनिटं मीटिंग चालवली. का, ते मला आजही सांगता येणार नाही. मी तसाच आहे. गोष्टी आत ठेवून पुढचं काम करत राहायचं, ही सवय मला फार जुनी. आज भाऊंबद्दल लिहायला बसलोय ते ती सवय एकदा तरी मोडावी म्हणून.

आम्ही दोघं न्यू जर्सीतल्या एका केमिकल कंपनीत, पायलट प्लँटवर. म्हणजे कारखान्यात मोठ्या प्रमाणावर जे करायचं ते आधी लहान भांड्यात करून बघायची जागा. भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे आणि कंपनीतही आधीपासूनचे. मी नवा आलो तेव्हा आयसेलिनला देशी दुकानं मोजकीच होती, आणि त्यातल्या कुठल्या दुकानात मंगळवारी ताजी कोथिंबीर येते इथपासून बॉयलरचा कुठला व्हॉल्व्ह खोटं बोलतो इथपर्यंत सगळं मला भाऊंनी शिकवलं. अमेरिकन फुटबॉलसुद्धा.

हा खेळ तिकडच्या वाचकांना माहीत असायचं कारण नाही. नावात फुटबॉल असलं तरी बॉल हातात धरून पळायचं, समोरच्यांनी पाडायचं. भाऊ विद्यार्थी म्हणून आले तेव्हा पहिल्या नाताळात होस्टेल ओस पडलं, खाली हॉलमध्ये एक टीव्ही आणि हे एकटे. काहीच कळेना म्हणून त्यांनी आलेखाच्या वहीत प्रत्येक चाल काढायला सुरुवात केली, आपल्या बाजूचे गोल, समोरच्यांच्या फुल्या. सुट्टी संपेपर्यंत खेळ समजला आणि वही भरली. तेव्हापासून दर जानेवारीत अजिंक्यपदाची अंतिम लढत, जिला इथे सुपर बोल म्हणतात, भाऊ वही मांडीवर घेऊनच बघत. त्या रविवारी आयसेलिनच्या त्यांच्या घरी तळघरात आम्ही सगळे मराठी जमायचो. शालिनीवहिनी मिसळ करायच्या आणि वरून ओरडायच्या, "ती ढकलाढकली जरा थांबवा आणि पाव खाली न्या." नवीन आलेल्या विद्यार्थ्यांना भाऊ वाट्या-चमचे मांडून खेळ समजावायचे. चार डाव, दहा यार्ड. तेवढं पुढे सरकता आलं नाही तर बॉल समोरच्याला. तीन डाव फुकट गेले तर चौथ्याला शहाणा माणूस लाथ मारून बॉल लांब घालवतो. मुलं विचारायची, भाऊ, तुमचा फेव्हरिट कोण? सगळ्यांना वाटायचं बॉल फेकणाऱ्या हिरोचं नाव घेतील. भाऊ वाटीवर बोट ठेवायचे. "हा. पुढच्या रांगेतला. याने फक्त समोरच्याला अडवायचं आणि मागच्याला वाट करून द्यायची. याचं नाव कोणाला माहीत नसतं. पण हा एक पाऊल चुकला की हिरो आडवा."

त्यांचं दुसरं वेड पंचांगाचं. सांगलीहून त्यांचे बंधू दर वर्षी पाडव्याच्या आधी पोस्टाने पंचांग पाठवायचे. भाऊ देवभोळे नव्हते, पण हिशेबात चूक त्यांना खपत नसे. तिकडची तिथी इकडे कधी, हे न्यू जर्सीचा सूर्योदय धरून ते स्वतः काढत, आणि पुणेकर-नागपूरकरांचे वाद त्यांच्या एका फोनवर मिटत. ज्या कोणी सांगून ठेवलं असेल त्याच्या आईवडिलांच्या तिथीसमोर पेन्सिलीने नाव, आणि दोन दिवस आधी सकाळी नऊला फोन. सांगून ठेवलेल्यांनाच हं. न मागता दुसऱ्याच्या घरात धर्म घालायचा नाही, असं ते म्हणायचे. मी कधी सांगून ठेवलं नव्हतं. माझे वडील गेल्याची तार सांगलीहून आली तेव्हा मात्र भाऊच शेजारी बसलेले होते. तिकीट मिळत नव्हतं, मी भिंतीकडे बघत होतो, आणि भाऊंनी घरून पंचांग मागवून काहीतरी टिपून ठेवलं होतं. मी ते पाहिलं आणि विसरलो. त्यानंतर तीन श्रावण गेले, मी बाबांची तिथी पाळली नाही. खरं सांगायचं तर कुठली, तेही मला नीट आठवत नव्हतं.

आता त्या रविवारचं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडची टीम पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचली. नाव न्यू यॉर्कचं, पण मैदान आमच्या जर्सीत, याचा भाऊंना कोण राग... "भाडं आपल्याकडे, पाटी त्यांची." तरी टीम त्यांचीच. त्यांच्या वहीतली वीसेक वर्षं तिच्या पराभवांनी भरलेली होती. त्या जानेवारीत प्लँटच्या जेवणघरातल्या फळ्यावर रोज नवीन गोल आणि फुल्या दिसायच्या. आमच्या डायरेक्टरने त्या पाहिल्या. मला कॉरिडॉरमध्ये थांबवून विचारलं, हे कोण काढतं? मी म्हटलं, आम्ही दोघं. हे पहिलं खोटं. तो खूश झाला, म्हणाला, रविवारी माझ्याकडे वेस्ट विंडसरला या, मॅच बघायला, तू आणि तुझा तो मित्र, दोघंही. त्याच्या घरी तोवर आमच्यातलं कोणी गेलेलं नव्हतं. आणि ग्रुप लीडरची जागा रिकामी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्येष्ठता बघितली तर ती भाऊंची.

त्या रविवारी दुपारची पाळी माझी होती. रसायनांचा रिअॅक्टर चालू, कोणीतरी तीन ते अकरा हजर पाहिजेच. सरळ मार्ग होता. भाऊंना आमंत्रण सांगायचं आणि दोघांनी मिळून तिसऱ्या कोणाला तरी पाळी बदलून मागायची. मी भाऊंकडे गेलो आणि म्हणालो, "भाऊ, रविवारची माझी पाळी घ्याल का? बाबांचं श्राद्ध आहे."

मराठी माणसाच्या तोंडात ही सबब आपोआप येते. तिच्यावर कोणी प्रतिप्रश्न करत नाही. भाऊंच्या हातात खडू होता. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "बरं. घेतो मी." त्यांची टीम पहिल्यांदा फायनलला, घरी वीस माणसं जेवायला, आणि हा माणूस "बरं" म्हणाला. आमंत्रणाचं मी त्यांना सांगितलंच नाही.

डायरेक्टरच्या घरी टीव्ही कपाटाएवढा. मीनाला, माझ्या बायकोला, मी पाळी बदलल्याचं सांगितलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. ती तिथल्या बायकांत बसली. डायरेक्टरने दारातच विचारलं, तुझा मित्र कुठाय? मी म्हटलं, त्याची पाळी आहे. त्या दिवशी मी बोललेलं तेवढं एक वाक्य खरं होतं, आणि तेच सगळ्यांत खोटं. मग मी खेळावर बोलायला लागलो. समोरचे आता असे उभे आहेत म्हणजे अमुक करणार, पुढच्या रांगेकडे बघा, खरा खेळ तिथे आहे. शब्द न् शब्द भाऊंचा. लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. मध्यंतराला आमची टीम एका गुणाने मागे होती, आणि मी शांतपणे सांगितलं की दुसऱ्या अर्ध्यात बाजू फिरेल. हेही भाऊंनी शुक्रवारी फळ्यावर काढून दाखवलेलं. फिरली. टीम जिंकली. दोन महिन्यांनी ती जागा मला मिळाली.

भाऊंनी ती मॅच प्लँटवर, रिअॅक्टरच्या गेजकडे एक डोळा ठेवून, ट्रान्झिस्टरवर ऐकली. सोमवारी मी गेलो तर वही घेऊन माझ्या टेबलाशी हजर. चेहरा असा की जणू स्वतःच खेळून आलेत. "सुधीर, विधी आटपल्यावर संध्याकाळी टीव्ही लावलास की नाही?" मी म्हटलं, लावला. "मग एवढं एक दाखव. तिसऱ्या भागात चौथा डाव होता, लाथ मारणार म्हणून उभे राहिले आणि मारलीच नाही. रेडिओवाला इतका ओरडला की कोण कुठून सरकलं तेच कळेना." मी पेन्सिल घेतली. लाथ मारणाऱ्याच्या पुढे उभा असलेला एक गडी चोरपावलांनी पुढे आला, थेट बॉलमागे उभा राहिला आणि बॉल घेऊन घुसला, तेवढंच पाऊल पुरलं. मी तो बाण काढला. भाऊ बघत राहिले. "अरे वा... म्हणजे सगळे लाथेची वाट बघत होते." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. त्यांच्या वहीत माझ्या हातचा तो एकच बाण आहे.

जागा मला मिळाली तेव्हा सगळ्यांत आधी हात मिळवायला भाऊच आले. "आता तुम्ही साहेब, आम्ही कामकरी. मस्टर नीट ठेवा." सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर दोन वर्षं ते माझ्या हाताखाली होते आणि या काळात माझ्याकडून झालेल्या तीन मोठ्या चुका त्यांनी वर जायच्या आधी निस्तरल्या. एकदाही उल्लेख नाही. कामातला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, इथेही नाही आणि तिथेही नाही.

त्या वर्षीच्या श्रावणात एका सकाळी नऊला माझा ऑफिसातला फोन वाजला. "सुधीर, परवा बाबांची तिथी. श्रावण वद्य षष्ठी. मीनाला सांग, खीर तरी कर." जानेवारीत श्रावण नसतो, हे मला तेव्हा, सात महिन्यांनी उमगलं. तार आली त्या दिवशी तिथी टिपून घेणारा माणूस हाच, आणि त्यालाच मी थंडीत श्राद्ध सांगितलं. मी एवढंच म्हणू शकलो, "हो भाऊ." थोडा वेळ ते लाइनवर थांबले. मग म्हणाले, "बरं, ठेवतो." आवाजात टोमणा नव्हता. मी श्राद्धाचं नाव काढलं म्हणजे आठवण मागितली, असं त्यांनी धरलं असावं, किंवा तसं धरायचं ठरवलं असावं. पुढच्या वर्षी पुन्हा फोन. पुन्हा माझं "हो भाऊ". पुन्हा तो थोडा वेळ...

त्या थांबण्याचा अर्थ मला भाऊ गेल्यावर कळला. दिवस झाले आणि पुढच्या आठवड्यात मी एकटाच आयसेलिनला गेलो. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मी म्हटलं, "वहिनी, मला एक सांगायचंय."

"त्या रविवारचं ना?" त्यांनी गॅस बारीक केला. "मला ठाऊक आहे. केतकीची मैत्रीण तुमच्या साहेबाच्या गल्लीत राहते. तुमची गाडी तिने पाहिली होती."

"भाऊंना...?"

"त्यांना आधीच माहीत होतं. श्राद्ध नाही, हे तू पाळी मागितलीस त्याच क्षणी. मी फार चिडले होते, सुधीर. म्हटलं, विचारा त्याला, कुठल्या बापाचं श्राद्ध घातलंस? तर म्हणाले, विचारायचं नाही. तो स्वतः सांगेल."

"मग?"

"मग काय. वाट बघितली त्यांनी."

एवढं बोलून त्यांनी मला जेवायला वाढलं. मी जेवलो. निघताना त्यांनी या वर्षीचं नवीन पंचांग माझ्या हातात ठेवलं, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. भाऊ जायच्या आठ दिवस आधी ते पोस्टाने आलं होतं आणि त्यांनी एका बैठकीत सगळ्यांची नावं भरून ठेवली होती. "केतकीला हे वाचता येत नाही," वहिनी म्हणाल्या. "आणि फोन तर करायला हवेत."

ते आता आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. पहिलं नाव चैत्रातलं होतं, मॉरिसव्हिलच्या कुलकर्णीबाई, इथून तिकडे राहायला गेल्या तरी भाऊंनी त्यांची ओळ खोडली नव्हती. दोन दिवस आधी मी नंबर फिरवला. घड्याळात बरोबर नऊ. पलीकडे रिसीव्हर उचलला गेला आणि बाई सवयीने म्हणाल्या, "हं, भाऊ, बोला."

मग त्यांनाही आठवलं. मी म्हटलं, "सुधीर बोलतोय. परवा तुमच्या आईंची तिथी." त्या "हो" म्हणाल्या. मी लगेच फोन ठेवला नाही. थोडा वेळ लाइनवर थांबलो, समोरच्याला काही सांगायचं असलं तर सांगता यावं म्हणून.

नावापुढे पेन्सिलीने खूण केली. श्रावणाचं पान अजून उघडलेलं नाही.