घाटाकडची लाल काच

"आधी तुकडा भाजू, मग बघू," असं म्हणत काका काचेची चकती उजेडापुढे धरायचे. पोलादपुरात माझ्या दुकानाशेजारी त्यांचं घर. मुंबईत रंगीत काचांच्या कारखान्यात जन्म घालवून ते गावी परतले होते. परसात छोटी भट्टी बांधून महाडच्या व्यापाऱ्यांची फुटकी तावदानं जोडून द्यायचे.

कोळसा माझ्या दुकानातला. त्यात एक खांड ओलं निघालं तरी सगळी पाटी परत. मी वैतागायचो, "अहो, काच भाजताय की पापड?"

"पापड काळा पडला तरी खाता येतो रे. लाल काचेला धूर लागला, नायतर आच जास्त येळ राहिली, की रंग गेला. परत येत नाय."

म्हणून आधी त्याच काचेचा तुकडा भाजायचा, आच झटकन चढवायची, काचा चिकटल्या की लगेच उतरवायची. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं.

त्यांच्या स्वतःच्या खिडकीला एक लाल काच होती, मुलानं निवडलेली. "तोंड दाखवू नको," असं काका एकदा रागात बोलले आणि मुलगा आंबेनळी घाटानं वर निघून गेला. मग पस्तावले. गाडीवानांकडून निरोप धाडला, "राग गेला हाय. खिडकीत लाल उजेड दिसला की आत ये." रोज तिन्हीसांजेला त्या काचेमागे दिवा. मला तिकडे बघवायचं नाही. घरच वाट बघतंय असं वाटे.

एका वादळात ती काच फुटली.

"मुंबईहून दुसरी मागवा," मी म्हटलं.

"त्याला हीच ठाऊक हाय."

मग तुकडे भाजणं सुरू झालं. एक काळवंडला. दुसरा काळवंडला. कोळसा बदलला, आच बदलली, आणि प्रत्येक वेळी काच थोडी कमी होत गेली. मी म्हटलं, "काका, पुरे करा. आहेत ते तसेच बसवा." फटींतून पांढरा उजेड येईल म्हणून ऐकेनात.

शेवटी चार तुकडे उरले. तुकडा भाजून बघायचा तर खिडकीला काच उरत नव्हती. त्यांनी चारही एकदम भट्टीत घातले. ते काताच्या रंगाचे होऊन निघाले. 

दुसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळी घाटाच्या वळणावर जाऊन बसू लागले. उतरणाऱ्या प्रत्येक तरुणाला थांबवून सांगायचे, "घर तेच हाय. काच तेवढी काळी पडली." लोक हसायचे. मला हसू येत नसे.

काका गेले. खिडकीत आता दिवा नाही. पण तिन्हीसांजेला कुणी अनोळखी माणूस घाट उतरून दुकानासमोर थबकला, की माझ्याच तोंडून निघतं, "राग गेलाय रे, आत ये."

तो गोंधळतो, तंबाखू मागतो आणि महाडच्या रस्त्याला लागतो.