पोळं बघायला गेले आणि

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे पकाका म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी 'प'च्या शब्दांखेरीज कशालाही हात लावला नव्हता. 'पंखा' या शब्दाचे पाच अर्थ तोंडपाठ, पण डोक्यावरचा पंखा लावायचा तर बटण कुठलं, ते शेजारच्या टेबलाला विचारावं लागे. त्या टेबलावर 'म'चं काम बघणाऱ्या बाई बसत. त्यांचं नाव मताई. मत त्या न मागताच देत.

पुढच्या महिन्यात पकाका निवृत्त होणार होते. 'प ते म' हा खंड छापायला जायच्या बेतात होता आणि त्याच्या पहिल्या पानावर 'संपादक' म्हणून आपलं नाव यावं, एवढी एकच हौस उरली होती. घरी तसं सांगूनही झालं होतं.

मुख्य संपादक साहेब सकाळीच छापील पानं घेऊन आले.

"पकाका, पोळं म्हणजे काय हो?"

"लिहिलंय की, साहेब."

"लिहिलंय. 'पोळे : मोहोळ पाहा.' म्हणून मोहोळ पाहिलं. तिथे काय, तर 'पोळे पाहा.' वाचणाऱ्यानं या दोन पानांत जन्मभर येरझाऱ्या घालायच्या का?"

दोघांनीही काम एकमेकांच्या गळ्यात घातलं होतं आणि आपण सुटलो म्हणून दोघंही निवांत होते.

"चार वाजेपर्यंत दोन्ही नोंदी लिहून आणा. ज्याची नोंद टिकेल, त्याचं नाव पहिल्या पानावर," साहेब म्हणाले.

पकाकांनी लगेच बाह्या सरसावल्या. "सोपं आहे. पोळतं ते पोळं! माशी चावली की अंग पोळतं ना?"

"काका, चावते माशी. रिकामं पोळं कुणाला पोळतं?" मताई म्हणाल्या.

"मग दोन्ही एकच. पोळं काय, मोहोळ काय."

"एकच कसं? आठवणींचं मोहोळ उठतं म्हणतो आपण. आठवणींचं पोळं उठलेलं ऐकलंय कधी?"

पकाकांनी ऐकलं नव्हतं. खरं म्हणजे त्यांनी पोळं पाहिलंही नव्हतं, आणि हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी जेवणाची सुट्टी सोडली असती. कचेरी झाडणाऱ्या मावशी मात्र ऐकत होत्या. "जिन्याच्या खिडकीबाहेर लटकलंय की एक. महिना झाला. रोज त्याच्याखालून जाता तुम्ही."

पकाका पट्टी घेऊन निघाले. मताई मागून म्हणाल्या, "नुसतं बघा हं, काका." पण आतली घरं खरंच षट्कोनी असतात का, ते मोजल्याशिवाय लिहिणं त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी खिडकीतून हात काढून पट्टी टेकवली.

पुढचं सगळं आवाजात झालं. जिन्यातून पकाका खाली, त्यांच्यामागे माशा, आणि सगळ्यांना आत ढकलून धाडकन दार लावणाऱ्या मावशी.

"अहो काका, पोळं बघायचं होतं, तर मोहोळ कशाला उठवलंत?" मावशी ओरडल्या.

मताईंनी गुपचूप कागद ओढला. पोळं म्हणजे माशांनी मेणाचं बांधलेलं घर. मोहोळ म्हणजे तेच, पण माशांसकट, म्हणून उठतं ते मोहोळ. आणि लक्षणेनं, एकदम उसळलेला गलका किंवा विचारांचा कल्लोळ. उदाहरण म्हणून मावशींचं वाक्य जसंच्या तसं.

चार वाजता साहेबांनी तो कागद पकाकांपुढे ठेवला. "तुम्ही ज्येष्ठ. तुम्हीच तपासा."

पकाकांनी चूक शोधत तो तीनदा वाचला. एकही सापडेना.

"पसंत?"

पकाकांनी 'पसंत' म्हणायला तोंड उघडलं, पण 'प'साठी ओठ मिटावे लागतात आणि सुजलेले ओठ काही केल्या मिटेनात. "हसंत," ते म्हणाले. मताईंनी खाली बघितलं.

मग त्यांनी मुकाट्यानं सही केली. सही करण्याआधी एक स्वल्पविराम मात्र उगाचच दोन शब्द पुढे सरकवला. संपादकाचं काम तेवढंच त्यांच्या हातून झालं.