बदकं ओरडली का?

कोंबड्या पाळणाऱ्या माणसाला "काय चाललंय?" असं सहज विचारू नये. तो अंड्यांपासून सुरू करतो, मुंगसापाशी पोचतो आणि तोवर आपला चहा गार झालेला असतो. आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत अशी दोन घरं. एक आमचं, दुसरं भिंतीपलीकडचं कडूबाकाकांचं. काकांचं लहानपण वडिलांच्या मेंढरांमागं गेलं, नोकरी वाळूजच्या कंपनीत झाली आणि आता रिटायर होऊन ते कोंबड्या आणि बदकं पाळतात. आमच्याकडं नुसत्या कोंबड्या. किस्से मात्र भिंतीवरून इकडं-तिकडं जात असतात.

*

आमच्या ह्यांनी हौसेनं खुराडं बांधलं. प्लायवूडच्या भिंती, वर पत्रा, पुढं जाळी आणि आत बसायला चकचकीत स्टीलचा पाइप. संध्याकाळी कोंबड्या आत जायच्या, पाइपावर चढायच्या, घसरायच्या आणि बाहेर येऊन ह्यांच्या स्कूटीवर बसायच्या. ह्यांनी स्कूटीवर कव्हर टाकलं. ते त्यांना जास्तच आवडलं.

काका म्हणाले, "आत लई अंधार हाय. भीत असतील." ह्यांनी बल्ब लावला. आता उजेडात घसरायच्या.

शेवटी मी पाइपाला हात लावून बघितला. "ह्याच्यावर तुम्ही झोपाल का?"

"मी कशाला झोपू?"

"मग त्यांनी का झोपावं?"

दुसऱ्या दिवशी हे शहागंजातून लाकडाची जाड पट्टी घेऊन आले. स्कूटीवर आता फक्त हे बसतात.

*

एका सकाळी खुराड्याबाहेर पिसं पडलेली आणि एक कोंबडी कमी. हे म्हणाले मांजर, काका म्हणाले मुंगूस. वाद काही मिटेना. काकू म्हणाल्या, "भांडता कशाला? जो येतो त्यालाच विचारू." त्यांनी रांगोळीचा डबा आणला आणि खुराड्याभोवती जाड थर पसरून ठेवला.

सकाळी सगळे बघायला जमलो. जाळीपाशी उकरलेली माती आणि बारीक नखांचे ठसे, म्हणजे मुंगूस. भिंतीकडून मांजराचे गोल पाय. आणि खुराड्याला फेऱ्या मारून गेलेले चपलांचे ठसे.

सगळ्यांनी ह्यांच्या पायांकडं बघितलं. चपला पांढऱ्या.

"कडी लागलीय का ते बघायला उठलो होतो," हे म्हणाले. मग चपला झटकत, "सारखं सारखं."

त्याच दिवशी जाळी हातभर खोल जमिनीत पुरली. मुंगूस अजून येतं. बघून जातं.

*

आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल, हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. काकांच्या बदकांना मात्र कळतं. त्यांचा टब नळाखालीच असतो. पाण्याआधी नळातून हवा सुटते, आपल्याला ऐकूही येत नाही अशी. बदकं एकदम कालवा करतात आणि जरा वेळानं पाणी येतं. आता गल्लीच्या टोकाच्या घरातूनही फोन येतो, "बदकं ओरडली का?"

एकदा बदकं ओरडली, घरोघरी बादल्या मांडल्या गेल्या आणि पाणी आलंच नाही. एक शेजारी तक्रार घेऊन काकांच्या दारात आले.

काका शांतपणे म्हणाले, "त्यांनी खबर दिली. पाणी सोडणं त्यांच्या हातात नाय."

*

गेल्या उन्हाळ्यात काकांच्या कोंबड्यांत देवीचा रोग आला. एक तांबडी कोंबडी वाचली, पण तिचे दोन्ही डोळे गेले. काकू तिला हातानं दाणे चारायच्या. उंच चढता येईना म्हणून काकांनी तिची जागा खाली भुशावर केली, बदकांशेजारी. त्यातलं एक पांढरं बदक तिच्याजवळ बसायला लागलं. संध्याकाळी ते ओरडत पुढं निघायचं आणि आवाजाच्या मागं मागं ही खुराड्यात शिरायची.

"ते मुद्दाम करतं का?" मी काकांना विचारलं.

"काय माहीत," काका म्हणाले. "मी बी तेच बघत बसतो."

एका संध्याकाळी फाटक उघडं राहिलं आणि कुत्री आत शिरली. काकांनी काठी घेऊन हाकलेपर्यंत अंगणभर पिसं झाली. बाकी कोंबड्या पेरूच्या झाडावर, पत्र्यावर सापडल्या. तांबडी नव्हती. पांढरं बदकही नव्हतं.

काकू पायरीवर बसल्या. "तिला दिसत बी नव्हतं ओ. कुठं पळाली असंल?"

आम्ही गल्ली बघितली, गटार बघितलं, शेजारचा रिकामा प्लॉट धुंडाळला. काहीच नाही. काका हातपाय धुवायला मागच्या बाथरूमकडं गेले आणि तिथूनच त्यांनी हळू आवाजात हाक मारली.

उंबऱ्यात पांढरं बदक उभं होतं. एक पंख लोंबत होता, मान ताणलेली. त्याच्या मागं, बादलीच्या आडोशाला, तांबडी. काकांनी तिला उचलायला हात पुढं केला, तर बदक चावलं. परत हात केला, परत चावलं. काकांनी पिल्लापासून हातावर वाढवलेलं बदक ते.

काका मागं सरले. मग त्यांनी आत गोणपाट सरकवलं, वाडग्यात पाणी ठेवलं आणि दार बाहेरून ओढून घेतलं.

सकाळी आमची बेल वाजली. दारात काका, खांद्यावर टॉवेल आणि हातात साबणाची डबी.

"आमचं बाथरूम," ते म्हणाले, "अजून मोकळं नाय."