शिलाई मशीनची फिर्याद

काही प्रकरणं कागदावर क्षुल्लक दिसतात, पण मनातून जात नाहीत. पन्नासच्या दशकात मी मुलुंडला फौजदार होतो, तेव्हाचं हे प्रकरण मला आजही जसंच्या तसं आठवतं.

सकाळची हजेरी आटोपत होती. कचेरीत कारकून असलेला एक गृहस्थ ठाण्यात आला. कडक इस्त्रीचा सदरा, बोलणं मोजूनमापून. बायको लहान मुलीला घेऊन निघून गेली आणि जाताना शिलाई मशीन चोरून नेलं, अशी त्याची फिर्याद होती. डायरीत नोंद करून मी हवालदारांना चौकशीला लावलं. त्यांच्या खबऱ्याने बातमी आणली : घाटकोपरच्या एका चाळीत नवी बाई राहायला आली आहे, दिवसभर मशीनचा आवाज येतो.

आम्ही तिथे गेलो. विधवा मावशीच्या खोलीत ती पोलकं शिवत बसली होती. आमचे गणवेश पाहताच तिने मुलीला जवळ ओढलं.

"मशीन माझ्या वडलांनी लग्नात दिलंय, साहेब. ते आज नाहीत. न्यायचं तर न्या, पण मला चोर म्हणू नका. आणि मुलीला नाही ना नेणार?"

"मुलीचं कोर्ट ठरवतं बाई, आम्ही नाही," मी म्हणालो. तिचा जबाब घेतला, मशीनला हात लावला नाही.

नवऱ्याला पुन्हा बोलावलं. चौकशीत मी आवाज चढवत नसे. माणसाला बोलू दिलं की तो आपणच उघडा पडतो. मशीन मीच घेतलं, असं तो सांगत राहिला, पण दुकान कुठलं ते त्याला आठवेना. शेवटी वैतागून म्हणाला, "मशीन घेऊन मी काय करू, साहेब? तिला जरा आत बसवा, झक मारत घरी येईल."

त्याचा हेतू कळला, पण साक्षीदार हवा होता. त्याला घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याची आई तांदूळ निवडत होती. मी विचारताच तो मध्ये पडला, "आये, तू गप ऱ्हव."

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. "ता मशीन तिच्या बापाशीन दिल्यान. माज्या डोळ्यांदेखत. आणि ती गेली ती तुज्या मारान. खोटा कित्याक सांगू?"

फिर्याद खोटी ठरली. खोटी फिर्याद देणं हाही गुन्हा आहे, अशी त्याला सक्त समज दिली.

पुढे माझ्या ओळखीच्या एका वकीलबाईंकडे मी त्या सुनेला पाठवलं. बाईंनी तिला समजावलं, "माहेरची वस्तू तुझीच. मारहाणीमुळे वेगळी राहिलीस म्हणून पोटगीचा हक्क जात नाही. मुलीच्या ताब्यासाठीही अर्ज करू." कोर्टाने दोन्ही मान्य केलं.

निकालानंतर मी मुद्दाम त्या म्हातारीकडे गेलो. आभार मानले, तर ती म्हणाली, "आभार कसले, सायबा? माज्या वेळेक कोणच बोलूक नाय."

कायद्याची कलमं मला पाठ होती. पण त्या सुनेपर्यंत कायदा पोहोचला तो तिच्या सासूमुळे. पोटच्या मुलासमोर खरं बोललेल्या त्या माउलीचं ऋण मी आजही मानतो.