नववी ब ची पट्टी

त्या दिवशी रोशनी भर दुपारी घरी आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. दप्तर खांद्यावर, पायात बूट तसेच. मी नुकती बिल्डिंगीत चौथ्या माळ्यावरची भांडी करून आलेली, भाकरीचा पहिला घास मोडलेला. म्हटलं आत ये ना, उभी काय ऱ्हायलीस. तर ती तिथनंच बोलली, "रोशनी, एकोणीस नंबर. आत येऊ का? शाळा लवकर सोडली. कर्णिक मॅडम गेल्या." सगळं एका दमात. मॅडमच्या वर्गात उशिरा आलं की असंच बोलायचं असतं, दारात थांबायचं, नाव सांगायचं, नंबर सांगायचा, कारण सांगायचं, मंग आत. माझी पोर घाबरलेली, काय करायचं ते सुचत नव्हतं, म्हणून जे शिकवलेलं ते तिनं केलं. आणि मी पण हातातला घास ठेवून उभी ऱ्हायले... कुणासाठी उभी ऱ्हायले ते मला पण कळलं नाय.

त्याला आता महिना होऊन गेला. शाळंतल्या ऑफिसवाल्या ताई म्हणाल्या, पेपरच्या पुरवणीत मॅडमवर लिहून यायचंय, जुन्या मुलांनी द्या काहीतरी. मी सांगितलं मी नववी पण पुरी नाय केली. त्या म्हणाल्या, मंग तर द्याच. म्हणून लिहितेय. चुकलं तर रोशनी सुधारंल, पण तिला मी सगळं वाचायला देणार नाय.

आमची वाडी विचुंब्याच्या मागं. आता तिथं चहूकडं बिल्डिंगी झाल्यात, तवा नव्हत्या. वाडीतनं हायस्कूलपर्यंत गेलेल्या आमी दोघीच, त्यातली दुसरी आठवीत सुटली. मी नववी ब मध्ये आले आणि पहिल्याच दिवशी मॅडमनी फळ्यावर काय गणित नाय लिहिलं, नियम पण नाय लिहिले. दारात कसं थांबायचं ते सगळ्यांकडून करून घेतलं. पन्नास पोरं एकेक करून बाहेर जायची आणि परत आत यायची, अख्खा तास त्यातच गेला, मागची मुलं हसत होती. मॅडम म्हणाल्या, "हसून घ्या. उद्यापासून वेळ नाही मिळणार." आणि खरंच नाय मिळाला.

हजेरी त्या घ्यायच्या नाहीत, आमी द्यायचो. एक नंबरनं एक म्हणायचं, दोननं दोन. ज्याचा नंबर आला नाय तिथं वर्गानं गप्प बसायचं, तीन मोजेपर्यंत, मंग पुढचा. बाकीच्या वर्गांत हजेरी म्हंजे गोंगाट. आमच्यात त्या गप्प बसण्याचीच भीती वाटायची. एखादा पोरगा तापानं घरी असला तरी त्याचा नंबर आला की सगळी त्याच्या रिकाम्या जागेकडं वळून बघायची. मी सत्तावीस होते.

आणि पट्टी. सागाची, वीतभर लांब, एका टोकाला भोक पाडून सुतळी ओवलेली, वर लाल ऑइलपेंटनं नववी ब. बाहेर जायचं तर टेबलावरची पट्टी उचलायची आणि जायचं, विचारायचं पण नाय. पण पट्टी एकच. ती परत आल्याशिवाय दुसरं कुणी जाणार नाय. दहा मिनिटं मिळायची. "अकराव्या मिनिटाला मी स्वतः शोधायला येते," असं त्या सांगायच्या, आणि यायच्या. मुलांच्या मुतारीच्या बाहेर उभ्या ऱ्हाऊन नंबर पुकारायच्या, तेवढ्यानं पोरं सुधारली. दुसऱ्या सरांची पट्टी मारायची होती, मॅडमची पट्टी बाहेर जायची. आमी त्यांच्या पट्टीला जास्त भ्यायचो, कारण ती हरवली तर अख्ख्या वर्गाचं बाहेर जाणं बंद, आणि ते माझ्यामुळं झालं तर...

दिवाळी झाली की आमच्या वाडीतली माणसं वीटभट्टीवर जायची. अजून जातात. गाडी येते, पातेली, पत्रे, कोंबड्या, पोरं, सगळं चढवायचं, सहा-सात महिने तिकडंच. त्या वर्षी बाबा म्हणालेला की मी आजीजवळ ऱ्हाणार, शाळा करणार. पण माझा धाकटा भाऊ सहा महिन्यांचा आणि आईला विटा पाडायच्या, त्याला कोण बघणार. तिसरा तास चालू होता. खिडकीतनं बघितलं तर गेटावर बाबा उभा. हाक नाय मारली त्यानं. नुसता हात हलवला, ये म्हणून.

मी उठले, पट्टी उचलली आणि गेले. मला वाटलं काय निरोप असंल, दहा मिनिटांत येईन. गेटाबाहेर गाडी उभी होती, आई वर बसलेली, बाबानं मला वर चढवलं, तिनं भावाला माझ्या हातात दिलं आणि गाडी सुटली. दप्तर वर्गात. पट्टी माझ्या हातात.

पळस्पे फाट्यावर गाडी थांबली, कुणीतरी चढायचं ऱ्हायलेलं. भट्टीवाल्या सगळ्या गाड्या तिथनंच गोव्याच्या रस्त्याला लागतात, आमची भट्टी पेणच्या पुढं. मी ताडपत्रीच्या फटीतनं बघत होते, आणि मला मॅडम दिसल्या. रिक्षातनं उतरल्या, पदर खोचलेला, बोटांना खडू तसाच, आणि एकेका गाडीच्या मागं जाऊन आत वाकून बघायला लागल्या. माझ्या मनात एकच आलं, मॅडम पट्टी घ्यायला आल्या. मी पट्टी चोरली असं त्यांना वाटलं. मी भावाला छातीशी धरलं आणि पातेल्यांच्या मागं खाली वाकले, अगदी पत्र्याला नाक लागेपर्यंत. हाक मारली असती तर... नाय मारली. गाडी निघाली.

तिकडं भट्टीवर एकदा आईनं ती पट्टी लाकूड म्हणून चुलीत सारली. मी हात घालून ओढून काढली, तवर एक कोपरा काळा झालेला. आता ही जळकी पट्टी घेऊन कुठल्या तोंडानं जायचं, म्हणून परत आल्यावर पण मी शाळंत गेले नाय. मॅडम वाडीवर दोनदा आल्या. दोनदा मी घरामागं करवंदीच्या जाळीत लपून बसले. आजीनं सांगितलं पोर मामाकडं गेली. पुढं माझं लग्न झालं, वाडीतच, रोशनी झाली. नंतर कधीतरी त्या वर्गातली एक पोरगी बाजारात भेटली. ती म्हणाली, तुझं नाव पटावरनं काढलं तरी मॅडमनी नंबर सरकू दिले नाय गो. वरीस संपेपर्यंत सव्वीसनंतर आमी रोज गप्प बसायचो.

रोशनीला शाळंत घालायला गेले तवा ती पट्टी फडक्यात बांधून सोबत नेलेली. चोरलेली वस्तू द्यायला जावं तशी. मॅडमचे केस पिकलेले, चष्मा जाड झालेला. मला वाटलं ओळखणार नाय. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "सत्तावीस." बस, एवढंच. मी फडकं सोडून पट्टी टेबलावर ठेवली आणि माफी मागायला लागले, जळली, आईनं चुलीत घातली, मी मुद्दाम नाय नेली... मॅडमनी त्या काळ्या कोपऱ्यावरनं अंगठा फिरवला. म्हणाल्या, "पट्टीसाठी नव्हते गं आले मी पळस्प्याला."

इतकी वर्षं मी समजून होते की त्या लाकडासाठी आलेल्या.

मंग त्यांनी जे सांगितलं ते मी कुणाला सांगितलेलं नाय. त्या दिवशी वर्गात तपासणीवाले साहेब बसलेले. दहा मिनिटं झाली, अकरावं झालं, आणि मॅडम पहिल्यांदाच गेल्या नाय. साहेबांसमोर वर्ग सोडून कसं जायचं, तास संपू दे, असं त्यांना वाटलं. पंचवीस मिनिटं गेली. "दहा मिनिटांवर निघाले असते तर तू गेटावरच सापडली असतीस," म्हणाल्या. "फाट्यावर मला तुझी रिबिन दिसली होती, पातेल्यांच्या मागे. मी हात वर केला. ड्रायव्हरला वाटलं मला गाडीत बसायचंय, त्यानं मान हलवली आणि गेला." हे सांगताना त्या हसल्या पण, असं हसू मला बघवलं नाय. पट्टी त्यांनी माझ्याच हातात परत दिली. वर्गाला नवी केलीय, ही तू घरी लाव, घराला पण लागते, म्हणाल्या. मी दाराजवळ खिळा ठोकला आणि लावली.

माझी गाडी गेली त्या वर्षापासून मॅडम दिवाळीनंतर जास्तच कडक व्हायच्या. लोकांना वाटायचं सुट्टी संपल्यावर मुलं ढिली पडतात म्हणून. तसं नव्हतं. दिवाळीनंतर गाड्या येतात म्हणून. नववी ब च्या खिडकीजवळच्या बाकावर वाडीतली पोरं त्या कधी बसवायच्या नाय, गेट दिसू नये म्हणून. रोशनी नववीत गेली आणि नशिबानं ब तुकडीत. मी निर्धास्त झाले. दसऱ्याच्या सुमाराला पालकसभा होती, मॅडमना धाप लागत होती, दोन पायऱ्या चढून थांबल्या. पुढच्या वर्षी रिटायर व्हायच्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, रोशनीची नववी-दहावी मी बघते, गाड्या आल्या तरी घाबरू नकोस, मी वर्गात आहे. दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस होते आणि त्या गेल्या. झोपेत, असं म्हणतात.

आता वर्गावर नवे सर आहेत. चांगले आहेत, तरणे आहेत, पोरांशी हसून बोलतात. त्यांनी टेबलावरची पट्टी उचलून कपाटात ठेवली. मुलं मोठी झालीत, विश्वास ठेवायला पाहिजे म्हणाले. मी मुद्दाम भेटायला गेले. सर, नंबर मोजा हो दुपारचे, म्हटलं. ते हसले, "ताई, आता हजेरी मोबाइलवर घेतो आम्ही, सकाळीच जाते वर." मी विचारलं, सकाळी कोण आलं ते मोबाइल सांगतो, दुपारी कोण गेलं ते कोण सांगतं? त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जशी मी भांडायला आलेय. मी घरी आले.

आणि गाडी आलीय. वाडीच्या तोंडाला पाण्याची टाकी हाय, तिच्या खाली उभी असते. भट्टीचा मुकादम आमच्या दारात येऊन बसला, चहा प्यायला, रोशनी दप्तर घेऊन निघाली तिच्याकडं बघत म्हणाला, पोरगी हातभर वाढली की. एवढंच म्हणाला, पण मी त्याची कपबशी उचलून आत नेली. रोशनीचा बाप वाईट माणूस नाय. त्यानं सातव्या वर्षापासून विटा उचलल्यात, त्याला ती शिक्षा वाटत नाय, जगणं वाटतं. तो म्हणतो, एक सीझन येऊ दे तिला, दोन हात वाढतील, मंग घाल परत शाळंत. मी म्हटलं मला कुणी घातलं परत? रोशनीला ने बघू, मी मॅडमना... आणि जीभ चावली. तो म्हणाला, "कोणाला सांगशील गो? तुझी मॅडम आता वर बसून आकडं मोजतेय." आणि हसला. नंतर त्याला पण वाईट वाटलं असंल, कारण तो जेवला नाय. पण नेणार नाय असं काय तो म्हणाला नाय.

मी रोशनीला सांगून ठेवलंय. बापानं गेटावरनं हात हलवला तरी उठायचं नाय. ती म्हणाली, "आये, बाबानं बोलावल्यावर कसं नाय जायचं?" मी पण गेलेच होते. पोर शाळंत कितीही नियम शिकू दे, बापाचा हात हलला की पाय आपोआप उठतात.

दुसऱ्या दिवशी ती निघताना मी पाठ करून भांडी लावत होते, तर सुतळी खिळ्याला घासल्याचा आवाज आला. तिनं पट्टी काढली आणि दप्तरात टाकली. संध्याकाळी आली, उंबऱ्यावर थांबली, एकोणीस म्हणाली, पट्टी परत लावली. तवापासून रोज असंच. तिनं सांगितलं, सर फळ्याकडं वळले की आमी मुंडी खाली घालून हळूच आकडं म्हणतो, मॅडमसारखं, सगळी पोरं म्हणतात. मला रडू आलं. पण पोरं गप्प बसतील फक्त, अजून काय करणार. अकराव्या मिनिटाला उठून जाणारं माणूस तिथं कुणी नाय.

काल शाळा सुटून घरी पोचायची वेळ झाली आणि खिळा रिकामाच. मी घड्याळासमोर बसले. दहा मिनिटं मोजली, अकराव्याला अनवाणीच पळाले. ती वळणावर भेटली, बुटाची लेस बांधत बसलेली. माझ्या पायांकडं बघून म्हणाली, आये, चप्पल कुठाय? मी तिच्या दप्तरात हात घालून आधी पट्टी चाचपली, मंग तिला धरलं.

आज सकाळी ती गेल्यावर मी कामाला गेले. रोशनीचा बाप घरात होता. दुपारी परत आले तर तो नाय, आणि टाकीखाली गाडी पण नाय. शेजारणीला विचारलं, ती म्हणाली डिझेल भरायला गेली असंल. दुसरी म्हणाली निघाली. नक्की कुणी सांगत नाय. आमची पातेली फडताळात हायेत, त्यातलं मोठं दिसत नाय, पण ते मी कालच कुणाला दिलं का ते मला आठवत नाय... हे कागद शाळंत द्यायचे होतेच. उद्या देणार होते. ऑफिसवाल्या ताईंच्या हातात देते आणि वरच्या मजल्यावर नववी ब च्या दारात जाऊन उभी ऱ्हाते. सर विचारतील काय काम हाय. नाव सांगीन, नंबर सांगीन, कारण सांगीन.

शाळा सुटायला अजून अडीच तास हायेत. पट्टी तिच्यापाशी हाय, खिळा रिकामा हाय, आता त्यात काय नवीन नाय, रोजच असतो. तरी निघते. मॅडम एकदाच थांबल्या होत्या, पंचवीस मिनिटं.