तीन वायसर

बत्तिस्ता ओल्चेझे या माणसाचं तोंड मला बघवत नाही, आणि माझं नशीब असं की माझ्या कॉफीबारच्या बरोबर समोर त्याचं गॅरेज आहे. जेनोवाच्या वर डोंगरात आमचं गाव. एकच रस्ता, चर्चपासून वळणं घेत खाली स्टेशनपर्यंत. तेहेतीस वर्षं रोज सकाळी तो शटर वर करतो, मी शटर वर करतो, आणि आम्ही एकमेकांकडे बघत नाही. कॉफी मात्र माझ्याकडेच पितो मेला. दुसरीकडे जाणार कुठे, गावात दुसरा बारच नाही.

कामाचं म्हणाल तर बोट ठेवायला जागा नाही, हे मलाही कबूल करावं लागतं. लोहाराचा मुलगा, लग्न केलं नाही, आणि सगळा जन्म घालवला जुन्या स्कूटरची चाकं एका रेषेत आणण्यात. आधी दोरा ताणून बघणार. मग दोन्ही टायर ओले करून चर्चसमोरच्या फरशीवरून स्कूटर सरळ ढकलणार. मागच्या चाकाचा ओला पट्टा पुढच्याच्या पट्ट्यावर नेमका बसला तर ठीक, नाहीतर सगळं उघडून परत पहिल्यापासून. गिऱ्हाइकाने घाई केली की त्याला स्कूटरसकट हाकलून देणार. लोक म्हणायचे, काय प्रामाणिक माणूस. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

का जायची ते सांगतो. एकाहत्तर साली सान रोक्कोच्या जत्रेला चर्चपासून स्टेशनपर्यंत स्कूटरची शर्यत होती. आदल्या दिवशी माझ्या स्कूटरचा पुढचं चाक धरणारा फोर्क वाकला. नवा मिळायला आठवडा लागला असता. बत्तिस्ता म्हणाला, काळजी करू नकोस, आणि पुढच्या चाकाच्या आसावर एका बाजूला तीन वायसर, म्हणजे पातळ लोखंडी चकत्या, सरकवले. चाक मधोमध आलं, फोर्क वाकडाच राहिला. टायर ओले करून ढकलली तर पट्ट्यावर पट्टा. तिसऱ्या वळणावर मी ब्रेक दाबला आणि फोर्क मोडला. माझा खुबा गेला, आणि तेव्हापासून मी लंगडतो.

त्याचंही मला एवढं नाही. चूक माणसाच्या हातून होते. पण हा गृहस्थ त्या संध्याकाळी चौकात उभा राहून काय म्हणाला, तर दुइलिओने सकाळपासून ढोसली होती. मी त्या दिवशी एका थेंबालाही शिवलो नव्हतो. पण माझा बाप वाइन विकायचा, मग काय, गावाचा लगेच विश्वास बसला. मोडलेला फोर्क यानेच उचलून नेला आणि भंगारात घातला. मी हॉस्पिटलात पडल्या पडल्या घसा फोडून वायसरचं सांगत होतो, आणि लोक माना डोलावून घरी जात होते. माझ्या आईने तर मरेपर्यंत दर रविवारी माझी दारू सुटावी म्हणून मेणबत्ती लावली.

यंदा मे महिन्यात ओरिएत्ता त्याच्या गॅरेजात आली. आमच्या गावातल्याच पिएरिनोची मुलगी. पिएरिनो गेला त्याला चार वर्षं झाली. त्याची स्कूटर नवऱ्या मुलाने, लोरिसने, शहरातल्या एका चकचकीत दुकानातून दुरुस्त करून आणली होती. शनिवारी लग्न लागलं की बापाच्या स्कूटरवरून, नवऱ्याच्या मागे बसून, चर्चपासून स्टेशनपर्यंत खाली जायचं, एवढं एकच तिला हवं होतं. तिची आई अशीच गेली होती. फक्त हँडल जरा उजवीकडे ओढतंय, तेवढं बघा काका, म्हणाली.

हे गुरुवारचं. बत्तिस्ताने टायर ओले केले, ढकलली. पट्ट्यावर पट्टा. लोरिस हसला आणि म्हणाला, बघा, दुकानवाल्यांनीही हेच करून दाखवलं होतं. बत्तिस्ता आत जाऊन ओळंबा घेऊन आला आणि पुढच्या चाकाला लावला. चाकाचा वरचा काठ आणि खालचा काठ यांत बोटभर फरक. त्याने चाक काढलं. मी बारच्या दारातून बघत होतो. तो तळहातावर काहीतरी घेऊन बराच वेळ उभा राहिला. मग मान वर करून, तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा, त्याने माझ्याकडे बघितलं. रस्ता ओलांडून मी गेलो. त्याच्या हातात तीन वायसर होते.

त्याने सांगितलं, फोर्क वाकडा आहे, वरून रंग फासलाय, नवा यायला दोन आठवडे लागतील. लोरिस भडकला. म्हणाला, दोन किलोमीटर तर जायचंय, आम्ही हळू जाऊ. ओरिएत्ता रडायला लागली. एव्हाना चौकातली पाच-सहा माणसं गोळा झाली होती, आणि सगळी एका सुरात, जाऊ दे की बत्तिस्ता, पोरीचं लग्न आहे. लोरिसने चाक उचललं आणि म्हणाला, मी स्वतः बसवतो.

बत्तिस्ता आत गेला, करवत घेऊन आला आणि फोर्कला लावली. ओरिएत्ता किंचाळली. पिएरिनोच्या स्कूटरचा अस्सल फोर्क होता तो. लोरिस त्याचा दंड धरून ओढत होता, पण लोहाराचा हात, थांबतोय कसला. फोर्कचे दोन तुकडे फरशीवर पडले तेव्हा तो सरळ उभा राहिला.

"एकाहत्तरला मी याला असेच तीन वायसर घालून दिले होते," माझ्याकडे बोट करून तो म्हणाला. "दुइलिओ प्यायला नव्हता. मी खोटं बोललो."

औषधाच्या दुकानातली म्हातारी, जी इतकी वर्षं माझ्याशी बोलताना एक पाऊल मागे सरकून उभी राहायची, ती खाली बघायला लागली. ओरिएत्ताने डोळे पुसून मला विचारलं, खरं आहे का हो हे. मी म्हणालो, आता मला विचारताय होय. वाटलं होतं, असा दिवस आला तर बरं वाटेल. कसलं बरं, नुसता संताप. मी लंगडत परत आलो आणि शटर खाली ओढलं.

शनिवारी ओरिएत्ता लग्नाच्या पोशाखात चालत खाली गेली, चपला हातात घेऊन, सगळं गाव मागे. रविवारी सकाळी बत्तिस्ता बारमध्ये आला. कॉफी मागितली नाही. टोपी काढून उभा राहिला आणि दुइलिओ, एवढंच म्हणाला.

"मला नको सांगूस," मी म्हणालो. "तिला सांग. वर, भिंतीकडेची तिसरी ओळ."

तो चर्चजवळच्या कबरस्तानाकडे वळला. मला राहवलं नाही, बार तसाच उघडा टाकून मी मागून गेलो. आईच्या दगडासमोर तो वाकून, टोपी चुरगाळत, काहीतरी पुटपुटत होता.

मी मागून म्हणालो, "मोठ्याने बोल. तिला कमी ऐकू यायचं."